पुढची चाकं डोंगराची, मागची हायवेची

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकीत डोकावून पाणी किती आलंय ते बघत होतो. आमच्या भाईंदरच्या इमारतीत माझ्यावर सोपवलेलं एवढंच जबाबदारीचं काम. खाली आलो तर शोभा फोनपाशी बसलेली, रिसीव्हर मांडीवर. "नाना…" एवढंच म्हणाली. नाना तिचा चेणे गावातला धाकटा भाऊ. मेहुण्याशी एकदा तरी कडाक्याचं भांडण व्हावं असा रिवाज आहे, पण नानाशी भांडणंच अवघड. आवाज चढवला की तो म्हणायचा, "भावजी, अर्धा तुमचा खरा, अर्धा माझा." भांडण तिथेच मिटायचं.

ते घरच अर्ध्याअर्ध्यावर चालायचं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला आंब्याखाली उभं करून सांगण्यात आलं, की उगवतीच्या फांद्या थोरल्या भावाच्या, अप्पांच्या आणि मावळतीच्या नानाच्या. मी गिरगावातल्या दोन खोल्यांतून आलेला, दिशा कुठल्या कळायला? तोडायला गेलो ती कैरी नेमकी मधली निघाली. नानाने शांतपणे सुरी आणून तिचे दोन भाग केले आणि तक्रार मिटवली.

वाटता येत नव्हती ती फक्त दोघांच्या गेलेल्या वडिलांची जीप. लष्कराच्या लिलावातून आलेली, अप्पांहून जुनी आणि त्यांच्याइतकीच हट्टी. अप्पा तिच्यात खताची पोती घालून डोंगरातल्या शेतावर न्यायचे, आणि ती उभा चढ बकरीसारखी चढायची. नाना तिच्यातूनच काशीमिऱ्यापासून हायवेवरच्या हॉटेलांना भाजी पोचवायचा. तिथे मात्र जरा वेग घेतला की इंजिन असं किंचाळायचं, की शेजारून जाणारा ट्रकवाला कीव येऊन बघायचा. मेकॅनिकने दोन उपाय सांगितले. एक म्हणजे चाकं फिरवणाऱ्या धुऱ्यांमधली दातेरी चाकं, ती क्राउन-पिनियन म्हणतात ती, बदलायची. मग गाडी हायवेला निवांत पळेल, पण चढाचा जोर जाईल. दुसरा उपाय ओव्हरड्राइव्ह. हे वेगळं जोडायचं यंत्र, त्याचा दांडा वेगळा. चढाचा जोर तसाच राहतो, आणि सपाटीला दांडा टाकला की इंजिन हलकं होतं. फक्त तो इकडे कुठे मिळत नाही, हेही त्याने लगेच सांगून टाकलं.

अप्पांनी एका वाक्यात निकाल दिला. "जी डोंगर चढत न्हाय ती माझी गारी न्हाय. तुला हायवे पायजे तर वाटा घे नि वेगला हो." हे नुसतं गाडीबद्दल नव्हतं. भाईंदरजवळ गोडदेवला भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या आणि जमिनीचे एजंट आता चेण्याच्या अंगणातही येऊन चहा पीत होते. वाटा हा शब्द त्या घरात आंब्यापुरताच होता, तो पहिल्यांदा जमिनीला लागला. सासूबाईंना जेवण जाईना. घर फुटतं का राहतं, एवढीच काळजी त्यांना खात होती.

मग नानाने घरच्या रीतीप्रमाणे तोडगा काढला. पुढच्या धुऱ्यात जुनी दातेरी चाकं ठेवली, मागच्या धुऱ्यात नवी घातली. अर्धी गाडी डोंगराची, अर्धी हायवेची. मला ही योजना फार हुशारीची वाटली, यावरूनच ती कशी असेल ते ओळखा. रविवारी सकाळी आम्ही सगळे शेतावर निघालो, सासूबाई मागच्या फळीवर. चढ लागला, नानाने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, आणि जीप आतल्या आत भांडायला लागली. मागची चाकं पुढच्यांना ढकलतायत, पुढची आपली चाल सोडत नाहीत. गाडी दोनदा उसळली, खालून कडाडून आवाज झाला आणि सगळं थांबलं.

सासूबाई हळूच खाली उतरल्या. दोघांकडे बघून म्हणाल्या, "गारीच्या पन वाटन्या केल्या रे?"

नाना आधी हसला, मग एका दगडावर बसला. मला म्हणाला, "फांद्या वाटल्या तवा झार जागेव उभा व्हता, भावजी. ही चालते ना…"

जुनी दातेरी चाकं परत बसली आणि ओव्हरड्राइव्हचा शोध सुरू झाला. मीही हातभार लावला. भंगारबाजारातून एक वजनदार वस्तू अभिमानाने आणली, ती पाण्याच्या पंपाची निघाली. एजंट आले की नाना म्हणायचा, "आधी ओव्हरड्राइव्ह येऊ दे, मंग वाटनीचा बघू." ते बिचारे ओव्हरड्राइव्ह नावाच्या कुणा साहेबाची वाट बघत चहा पिऊन जायचे. शेवटी बोटीवर काम करणाऱ्या उत्तनच्या एका मित्राने तो परदेशातून कपड्यांत गुंडाळून आणला. तोवर वाटणीची भाषा सगळ्यांच्याच तोंडातून गेली होती. फक्त अप्पांनी जाहीर केलं, की त्या दांड्याला आपण हात लावणार नाही. आणि नाही लावला… हायवेला ते कधी नानाशेजारी बसलेसुद्धा नाहीत.

तेराव्यालाच कुणीतरी पुन्हा विषय काढला, की आता नाना नाही, जमिनीचं एकदा काय ते करून घ्या. नानाची लेक मनीषा मान खाली घालून ऐकत होती. अप्पा उठून अंगणात जीपपाशी गेले. मागच्या रविवारी आम्ही गेलो तर त्यांनी मनीषाच्या हातात किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसले. मी मागे भेंडीच्या पोत्याला मिठी मारून. काशीमिऱ्याला गाडी हायवेला लागली, इंजिन किंचाळायला लागलं.

"क्लच दाब," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी स्वतः तो दांडा टाकला.

आवाज एकदम उतरला. वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. अप्पा चकित होऊन दांड्याकडे बघत होते. "बोलता येतंय की हितं," ते म्हणाले. मग मनीषाला म्हणाले, "उद्यापासना भाजी तू न्यायची. डोंगराच्या चराला मी हाय."