शेजारणीसाठी धरलेली ढाल

माझी ढालवाली मेली ती टेंभी नाक्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, पोह्यांच्या बशा अजून उचललेल्याही नव्हत्या तेव्हा. मेली म्हणजे खेळात मेली. पण कित्येक वर्षं दर रविवारी मी ती बाई होऊन बोललेले, भांडलेले, तेव्हा "खेळात" म्हणून मला कुणी समजवायला येऊ नये.

खेळ साधा आहे. टेबलाभोवती आम्ही चौघं, प्रत्येकाचं एक पात्र. ज्याच्या घरी जमायचो तो पाचवा. तो गोष्ट पुढे नेणार, दरोडेखोर आणि राक्षस चालवणार आणि वाद झाला की निकालही देणार. आम्ही त्याला पंच म्हणायचो. मारामारी फाशांवर. माझी ढालवाली अंगापिंडाने दांडगी, दुसऱ्यावर येणारा वार अडवणं हे तिचं काम. माझ्या शेजारी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिची मांत्रिक बाई इतकी नाजूक की जोरात शिंकलं तरी पडेल. ती कायम माझ्यामागे.

आता, या खेळाचं पुस्तक लिहिणाऱ्याचं बचावाच्या नियमांशी काय वैर होतं देव जाणे. एका पानावर म्हणतो, एका फेरीत एकदाच बचाव करता येईल. ढालीच्या पानावर म्हणतो, शेजाऱ्यासाठी ढाल केव्हाही पुढे करा. मग शेजाऱ्याला वाचवलं की माझा तो एकुलता एक बचाव संपला का? त्यावर महाशय मूग गिळून गप्प. नेटवर बघितलं तर तिथे लोक याच प्रश्नावरून एकमेकांच्या उरावर बसलेले. आम्हीही सुरुवातीला यावरून एक अख्खा रविवार घालवला आणि शेवटी ठरवलं की शेजाऱ्यासाठी धरलेली ढाल मोजायची नाही. हे ठरवून घेतलं कुणी? माझ्या मैत्रिणीने. हट्टाने. साहजिकच आहे, वाचणार होती तिची मांत्रिक. तेव्हापासून आमच्यात पद्धत पडली, फासा पडायच्या आत टेबलावर थाप मारायची आणि "ढाल" म्हणायचं.

त्या रविवारी पुलावर चार फडतूस दरोडेखोर होते. पहिला वार मांत्रिकावर आला. मी थाप मारली, ती वाचली. दुसरा वार माझ्यावर. मी माझ्या बचावासाठी फासे उचलले तर पंच म्हणाला, तुझा बचाव वापरून झालाय. मला वाटलं मस्करी करतोय. त्याने शांतपणे पान उघडून समोर ठेवलं. मी म्हटलं, अरे, हे आपलं कधीच ठरलंय, काय बोलतोयस तू? तर त्याने माझ्या मैत्रिणीला विचारलं, ठरलेलं का गं असं काही?

ती बोटांना लागलेली शेव पुसत होती. "मला नाही आठवत," ती म्हणाली.

बाकीचे दोघं मोबाइलमध्ये. बचावाविना वार पुरा बसला, ढालवाली गेली. माझं डोकं असं फिरलं की फासे खिडकीतून भिरकावून द्यावेसे वाटले. फासा उलटा पडून मेले असते तर हूं की चूं केलं नसतं. पण माझ्या ढालीमागे इतकी वर्षं बसलेल्या बाईला ढालीचा नियम आठवत नाही?

कुणी मेलं की पुढच्या रविवारी नवीन पात्र घेऊन यायचं असतं. मला तसं कुणीच म्हणालं नाही. पंच फासे पिशवीत भरायला लागला आणि म्हणाला, गोष्ट इथेच संपवली तरी छान वाटेल. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या, जशी काही वाटच बघत होते.

परत येताना तिच्या गाडीत होते. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. मी सरळ विचारलं, खोटं का बोललीस?

तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, सगळ्यांना कंटाळा आलेला. एकाचं बाळ लहान, पंचाला रविवार घरच्यांना द्यायचाय. कधीपासून आपसात बोलत होते, पण मला सांगायचं कुणी? मी किती जीव लावून खेळते. मी मेले की खेळ आपोआप थांबेल आणि कुणाला वाईटपणा नको, असं ठरलं. पण माझी ढालवाली काही केल्या मरेना. मग माझ्या या मैत्रिणीनेच पंचाला त्या दोन पानांची आठवण करून दिली.

म्हणजे नियम तिला चांगला आठवत होता. ही माझी मैत्रीण. मला तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडलेही असते, पण घरी जाऊन झोपले तरी असते.

मग एकदम माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, पहिला वार तुझ्या मांत्रिकावर आला, तोही ठरवूनच?

"हो मग," ती म्हणाली. समोरचा ट्रेलर हलला, तिने गिअर टाकला. "मला वाचवायला तू ढाल पुढे करणारच, हे माहीतच होतं ना."