कोटिझाकाकांचा बंद श्वास

काच फुंकायचा नासपतीच्या लाकडाचा साचा पाण्याच्या टाकीतून काढून मी खिडकीत ठेवला, कारण मला त्याचा फोटो काढायचा होता. उजेड छान पडला होता. फोटोही छान आला. साचा परत पाण्यात बुडवायचा मात्र राहून गेला, आणि शनिवार-रविवार तो खिडकीखालच्या गरम नळांची ऊब घेत निवांत वाळत बसला. सोमवारी सकाळी पाहतो तर उभा तडकलेला. फटीतून पलीकडची भट्टी दिसत होती.

आमच्या खोऱ्यात चर्चमध्ये शिवी दिलेली एकवेळ खपते, कोरडा साचा खपत नाही. ओल्या लाकडातून वाफ निघते आणि काच त्या वाफेवर फिरते. कोरड्या लाकडाला ती धरून बसते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर नोवी बोरच्या काचशाळेतून पदविका घेऊन आलेला आणि कारखान्यात परदेशी डिझायनर व आमचे फुंकणारे यांच्यामध्ये दुभाष्या म्हणून मिरवणारा.

"शाळेत फोटो काढायला शिकवतात," कोटिझाकाका साच्याच्या फटीत बोट घालून म्हणाले, "बुडवायला दुसरी शाळा असते का रे, लिबोर?"

व्रातिस्लाव कोटिझा आमच्याकडचे सगळ्यांत जुने उस्ताद. मिसरूड फुटायच्या आत वडिलांचा हात धरून भट्टीवर आले ते तिथेच म्हातारे झाले. सरकारी अमदानीत त्यांनी शाळा-इस्पितळांच्या दिव्यांचे पांढरे गोल हजारोंनी फुंकले. मग सरकार बदललं, तशा गोलांना गिऱ्हाईक उरलं नाही, खोऱ्यातल्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. आमची तगली ती बाहेरून येणाऱ्या डिझायनर लोकांमुळे. काका त्यांना 'पेन्सिलवाले' म्हणत. चित्र हातात घेऊन ते मिशी चावत उभे राहत आणि शेवटी म्हणत, "याला सांग, कागद खाली लोंबत नाही, काच लोंबते. आणि हा कोपरा तुझ्या आजीला फुंकायला लाव." मी भाषांतर करी, "उस्ताद म्हणतात, कल्पना फार सुंदर आहे. कोपरा जरा गोल करू या." अशा रीतीने युरोपातल्या बऱ्याच बक्षीसपात्र वस्तूंचे कोपरे माझ्यामुळे गोल झाले आहेत.

तो तडकलेला साचा फेम्केचा होता. फेम्के रॉटरडॅमची, तिशीच्या आसपासची, स्वतःच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाची तयारी करत होती. शुक्रवारी तिला परतायचं होतं आणि नवा साचा कोरायला तीन आठवडे लागणार होते. तिने साचा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि भांडायचं सोडून वहीवर एक गोल काढला.

"साचा नकोच. असा नुसता गोळा. तोंड नाही, भोक नाही, काही नाही. उस्तादांचा श्वास आत आणि वरून बंद. जमेल?"

मी जीव वाचवायला म्हणालो, "जमेल की!"

काकांना विचारायचं मला सुचलंच नाही. आणि आमच्याकडे बंद गोळा कोणी करत नाही. नाताळच्या झाडावरच्या बारक्या गोळ्यालाही वर भोक असतं. आकडा अडकवायला, असं पाहुण्यांना सांगतात.

दुपारी काकांनी भट्टीच्या तोंडाशी गरम केलेलं सॉसेज मोहरीत बुडवलं आणि मला काय सांगायचं ते सांगितलं. फेम्के शेजारीच बसली होती.

त्यांच्या वडिलांनी तरुणपणी पैजेखातर एक गोळा बंद केला आणि पलीकडच्या गावातल्या एका मुलीला दिला. लग्न दुसरीशीच केलं. पुढे म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर रोज म्हणे, आज जातील. पाद्री येऊन गेला, शवपेटीवालाही डोकावून गेला. वडील जाईनात. श्वास आत जायचा आणि बाहेर येताना मध्येच कुठेतरी अडून बसायचा. अख्खा हिवाळा घरादाराने तो आवाज ऐकला.

"मग आईनेच मला पाठवलं," काका म्हणाले. "तिला माहीत होतं बघ, इतकी वर्षं! पलीकडच्या गावातली ती मुलगी आता म्हातारी झालेली, मला म्हणते, देणार नाही, माझा आहे. तिच्या खिडकीत टांगला होता. आतून ओला होता. मी म्हटलं, मावशी, ऐका तरी कसा वाजतोय. तिने कान लावला आणि स्वतःच उंबऱ्यावर आपटला. घरी आलो तर घड्याळ थांबवलेलं, आरसा झाकलेला. वडील सुटले होते."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. फेम्केचे डोळे चमकले. हे सगळं प्रदर्शनाच्या पत्रकात किती छान दिसेल हा हिशेब मला तिथूनच दिसत होता.

"मी नाही म्हणू शकतो," काका म्हणाले. "पण कारखान्याच्या मालकीणबाई म्हणतात, ही ऑर्डर गेली तर हिवाळाभर भट्टी बंद. आणि हिचा गोल चांगला आहे. साधा आहे. या पोरीला सांग, करीन. पण मी आडवा पडलो की तिने सगळे गोळे फोडायचे. वडील गेले तसा जाईन की उठेन, मला माहीत नाही. पण अडकून पडायचं नाही मला. शब्द दे म्हणावं."

"अर्थातच," फेम्के हसून म्हणाली. मी 'अर्थातच' सांगितलं. हसू सांगितलं नाही.

पुढचे दिवस बघण्यासारखे होते. काका ओल्या वर्तमानपत्राच्या घडीवर तापलेला गोळा फिरवत, फेम्के समोर उभी राहून हातानेच सांगे, अजून, अजून, थांब. ती बोट वर करी, ते गाल आवळत. आकार तिच्या डोळ्यात आणि हवा त्यांच्या छातीत, पण मध्ये भिंत नव्हती. मी मध्ये उभा राहून निरुपयोगी झालो. तिने एकदा गोळा खालून किंचित चपटा मागितला तेव्हा काकांनी शिवी न देता करून दिला, हे आमच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

गोळा फुंकायच्या नळीवरून सुटला की मानेच्या भोकावर वितळलेल्या काचेचा थेंब ठेवायचा, की झाला बंद. त्या क्षणी काका प्रत्येक वेळी मान वळवून मागे बघत, जणू कोणी हाक मारली. मागे कोणी नसे. असे सात झाले.

शुक्रवारी सकाळी, गोळे पेंढ्यात भरायच्या आधी, मी आणि फेम्के पॅकिंगच्या खोलीत गेलो. खोली बर्फासारखी गार. फळीवर सातही गोळे रांगेत. आतून वाफ धरलेली.

"माणसाचा श्वास दमट असतो," मी शाळेतलं ज्ञान पाजळलं. "गारठ्यात वाफ धरणारच."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत वाफ निवळली. सातही गोळ्यांची एकदम. मग पुन्हा धरली. पुन्हा निवळली. खिडकी बंद होती. भिंतीपलीकडे काका कोणाला तरी साच्यावरून माझी टवाळी सांगत होते. ते बोलत तोवर काच स्वच्छ राही; ते दम घ्यायला थांबले की धुरकट होई.

फेम्केने माझी बाही धरली. "तू पण पाहतोयस ना?"

"पेंढा आण," मी म्हणालो. झाकून टाकण्याव्यतिरिक्त मला काही सुचलं नाही.

प्रदर्शन उघडलं आणि इकडे काका आडवे झाले. आधी त्यांना सूप फुंकून गार करता येईना. मग नळी पेलेना. डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि म्हणाला, या वयात इतकी स्वच्छ फुप्फुसं मी पाहिली नाहीत. फेब्रुवारीत मी भेटायला गेलो तेव्हा जिन्यातच आवाज ऐकू आला. आत, आत, आणि मग काहीच नाही. तुम्ही वाट पाहत राहता आणि तुमचाच जीव घुसमटतो. फार वेळाने अर्धा श्वास बाहेर येई.

काकांची बायको, ओतिलियेकाकू, दारातच होत्या. "तुझी ती पेन्सिलवाली. फोन लाव."

"काकू, ती प्रदर्शनात—"

"तू साचा वाळवलास, हो म्हणालास, आता फोनही मीच लावू?"

मी लावला, आवाज मोठा करून फोन उशीपाशी ठेवला. फेम्केने बराच वेळ तो श्वास ऐकला.

"फोडले तर ते बरे होतील, की जातील?"

मी विचारलं. काका डोळे न उघडता, एकेक शब्द ओढत म्हणाले, "ते... माझं मी... बघतो. दार तर... उघडा म्हणावं."

"सगळं प्रदर्शन म्हणजे तेवढेच गोळे आहेत," फेम्के म्हणाली. मला वाटलं फोन ठेवेल. "मी शब्द दिला तेव्हा मला वाटलं होतं, ही नुसती गोष्ट आहे. थांब. लोकांना बाहेर काढते."

शाळेत शिकवतात की बंद गोळ्यातली हवा निवताना आकसते. काच फुटली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून जे झालं त्याला माझ्या पदविकेचा पाठिंबा नाही. फोनमध्ये काच फुटल्याचा आवाज आला, आणि गादीवर काकांची छाती खाली गेली. लांबलचक, सावकाश श्वास बाहेर आला, एका माणसाच्या छातीत मावेल त्याहून मोठा. समोरचा पडदा हलला. खोलीत ओल्या जळक्या कागदाचा आणि मोहरीचा वास पसरला.

"हा भट्टीवरचा वास आहे," काकू पुटपुटल्या. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग, कोणाला तरी जायला वाट हवी असल्यासारखी, खिडकीही उघडली.

पुन्हा आवाज. पुन्हा श्वास. प्रत्येक वेळी मला वाटे, आता छाती परत वर येणार नाही. प्रत्येक वेळी ती येई. फेम्के पलीकडे रडत होती की खोकत होती, कळत नव्हतं. सहाव्यानंतर काचेचा आवाज थांबला. काका उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "सूप आहे का?"

काकू स्वयंपाकघरात धावल्या. काकांनी मात्र कान फोनकडेच ठेवले होते.

"एक राहिला," ते म्हणाले. "विचार तिला."

"तो कालच गेला," फेम्के म्हणाली. "अँटवर्पच्या एका दंतवैद्याने नेला. मी आणते परत."

तिने दुप्पट पैसे देऊ केले, स्वतः जाऊन आली, सगळं सांगून पाहिलं. दंतवैद्याला गोष्ट इतकी आवडली की आता तर तो मुळीच द्यायला तयार नाही. गोळा त्याच्या जिन्यात टांगलेला आहे.

काका पुन्हा भट्टीवर येतात. बंद सोडून काहीही फुंकतात. फेम्के वसंतात पुन्हा आली. दोघांचं नवं काम चाललं आहे, रुंद तोंडाचं. फक्त अधूनमधून, बोलताबोलता, काकांची छाती खाली जायची थांबते. हातातली नळी फिरत राहते, काच लोंबत नाही, पण ते स्वतः तिथे नसतात. आम्ही सगळे थांबतो. मग ते परत येतात आणि म्हणतात, "माझा एक श्वास अँटवर्पला दातवाल्याच्या घरी राहतो. भाडं त्याने द्यायचं की मी, ते ठरलेलं नाही." पोरं हसतात. ओतिलियेकाकू डबा घेऊन आलेल्या असल्या तर हसत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्या दंतवैद्याचा मला मेल आला. गोळ्यात रोज उजाडायच्या आधी आतून वाफ धरते आणि दुपारनंतर निवळते, असं त्याने लिहिलं होतं. शनिवार-रविवारी धरत नाही. आतून पुसायचा काही उपाय आहे का?

आमची पाळी उजाडायच्या आधी लागते आणि दुपारी सुटते; शनिवार-रविवार सुट्टी. मी मेल काकांना वाचून दाखवला. त्यांनी मिशी चावली.

"लिही, पुसू नको म्हणावं," ते म्हणाले. "आणि परत कधी देतोस ते विचार."

मी तेवढंच लिहिलं. उत्तर आलेलं नाही.