जेवणाआधीचा क्रूस

येकातेरिनोस्लावच्या रूळ-कारखान्यामागे मजुरांची बराक होती. उस्तिन्याचं सगळं तरुणपण तिथल्या चुलीपुढे गेलं. कालुगाकडच्या एकाच गावातून आलेल्या मजुरांनी एकत्र जेवणाची टोळी केली होती; ती त्यांची स्वयंपाकीण. हाताला चव होती, जिभेला धार होती, आणि भांड्यात कुणी आधी चमचा घातला तर पळीचा फटका ठरलेला.

सरकारला रेल्वे सैबेरियापार न्यायची होती. पीटर्सबर्गहून रुळांची मागणी आली की भट्ट्या विझायच्याच नाहीत, आणि माणसं उभ्या उभ्या पेंगायची. उस्तिन्याचा नवरा येफिम तापलेला रूळ चिमट्यानं धरून रोलरमध्ये सारायचा. त्या शरदात मागणी वाढली, एका पाळीला दुसरी जोडली गेली, आणि चिमट्यासोबत येफिमचा उजवा हातही आत ओढला गेला. मनगटाखाली काही उरलं नाही.

इस्पितळातून तो परतला त्या दुपारी कोबीच्या सूपचं, सगळ्यांना मिळून एकच असलेलं मोठं लाकडी भांडं मधोमध ठेवलेलं होतं. कोपऱ्यातल्या देवचित्राकडे वळून बाकी सगळ्यांनी उजव्या हातानं कपाळापासून खांद्यांपर्यंत क्रूसाची खूण केली आणि ते बाकांवर बसले. येफिमनं डाव्या हातात चमचा घेतला.

"थांब रे," टोळीचा म्होरक्या पान्क्रात म्हणाला. "क्रूस न करताच जेवणार?"

येफिमनं चमचा ठेवला, डावा हात कपाळाकडे नेला.

"डाव्यानं? सैतानाला पंगतीला बोलावतोस काय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. येफिमचा हात खाली आला.

पान्क्रातला देवाची एवढी काळजी कधीपासून, ते उस्तिन्याला कळत होतं. न कमावणारं तोंड त्याला नको होतं. गाववाल्याला तसं सांगायची लाज, म्हणून देवाला पुढे केलं. आणि भांड्यावरून उठवलेला माणूस बराकीतून उठवल्यातच जमा. हिवाळा दारात होता. गावची जमीन येफिमच्या भावांनी कधीच वाटून घेतली होती.

"पान्क्रातकाका, माझ्या वाटणीचं खाईल तो."

"वाटणीचं कोण बोलतंय? धर्माचं बोलतोय मी. तू आपली चूल बघ."

उस्तिन्यानं एप्रनला हात पुसले. येफिमच्या मागे जाऊन उभी राहिली, उजव्या हाताची तीन बोटं जुळवली आणि लेकराला निजवताना करतात तसा तिनं त्याच्यावर क्रूस केला. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा.

"आता भरव पण बाळाला," समोरच्या बाकावरचा सिलांती म्हणाला.

"तुला भरवलंच होतं की, तापात पडला होतास तेव्हा. पावाचा तुकडासुद्धा माझ्याकडून चावून घेत होतास."

आता हसू सिलांतीवर उलटलं. पान्क्रातनं आपला चमचा भांड्यात घातला. "जेवा," एवढंच म्हणाला.

येफिमचा चमचा कलत होता, सूप टेबलावर सांडत होतं. त्यानं शेवटपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळी लाकडं रचताना तो तिला म्हणाला, "चारचौघांत पुन्हा असं करू नकोस."

"मग जेवशील कुठे?"

तो लाकडं रचत राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे बसले, येफिम मात्र बाकापाशी उभाच. उस्तिन्या पाठमोरी पाव कापत होती.

"हात पूस की लवकर," भिंतीकडे बघत तो म्हणाला. "सूप निवतंय."