खोबरेल आणि सहा तारा

आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्याआधी घरातल्या एकूण एक लोखंडाला खोबरेल लागतं. विळी, कोयती, बिजागऱ्या, माझी सायकल. आई कशालाच सोडत नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि खारा वारा नवाकोरा खिळाही बघता बघता लाल करतो. अशा घरात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागलो.

गिटार आणली बाबांनीच. ते बोटीवर नोकरीला होते. कुठल्याशा बंदरातून हौसेनं घेऊन आले आणि मी ती खाली ठेवेना तेव्हा पस्तावले. मुलानंही बोटीवरच जावं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी मात्र कॉलेजातल्या तीन मित्रांना घेऊन, आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोलीत रॉक बडवत होतो. शेजारी सज्जन, म्हणून निभावलं.

शेवटी बाबा म्हणाले, "मुंबईच्या त्या बँडच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत गेलास, तर वाजव जन्मभर. नाहीतर बोटीचा फॉर्म भरायचा. कबूल?"

मी ऐटीत कबूल म्हटलं. अंगात मस्तीच तेवढी होती.

निघायच्या आदल्या दिवशी नव्या तारा चढवल्या आणि गिटारची केस बंद केली. गाडी लेट झाली. आम्ही पोचतोय तोच नाव पुकारलं, म्हणून केस उघडली ती थेट स्टेजच्या कडेला. भपकन खोबरेलाचा वास आला. सहाही तारा देवापुढच्या समईसारख्या चकाकत होत्या.

शर्टानं खसाखसा पुसल्या, पण जाड तारांच्या वेढ्यांत तेल पार मुरलेलं. तार ओढून सूर चढवायला जावं, तर बोट सटकून शेजारच्या तारेवर. परीक्षकांनी पहिल्याच फेरीत नारळ दिला.

येताना मित्र म्हणाले, "घरी खरं सांगून टाक. तुझी काय चूक?" मलाही तेच वाटत होतं. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर आई बांगडे साफ करता करता हळूच म्हणाली, "तारांना गंज नाय ना धरला रे? तू झोपलास नि मी मस्त तेल चोपडून ठेवलं हो." तिचा चेहरा इतका खुलला होता की मला खरं सांगवेना.

"एकदम झकास होत्या तारा," मी म्हटलं.

बाबा पडवीत फॉर्म घेऊनच बसले होते. "काय झालं?"

"हात घसरला."

उठून त्यांनी केस उघडली, तारांवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. मग स्वयंपाकघराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हाक मारतात आईला. त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि खिशात टाकली.

"पुढची स्पर्धा कधी आहे रे?"

आज गिटारवरच माझं पोट चालतं. चार-सहा महिन्यांनी घरी जातो. निघायच्या आदल्या दिवशी आई अजून तारांना तेल लावते, आणि मी कौतुकानं बघत बसतो. ती आत गेली की बाबा कपाट उघडतात आणि माझ्या पिशवीत नव्या तारांचं पाकीट सरकवतात.