मोटारीचं दावं

आमच्या घरी मोटार आली ती आईला गाडी लागायची म्हणून. हे ऐकलं की माझी मुलं अजून हसतात. गाडी लागणाऱ्या माणसासाठी गाडी घेणारं आपलं एकच घर असेल, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण त्यात ना आईची चूक होती ना वडिलांची. चूक राजूरच्या घाटाची होती.

आईचं माहेर बुलढाण्याला, वर पठारावर. आमचं गाव खाली, धामणगाव बढ्याच्या बाजूला. मध्ये हा घाट. एस.टी.त बसल्यावर पहिल्या वळणापर्यंत आई गप्पा मारायची, दुसऱ्या वळणाला गप्प व्हायची आणि तिसऱ्याला शेजारचा माणूस आपण होऊन जागा सोडायचा. एकदा तो माणूस वेळेवर उठला नाही. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कोर्टात निघालेला वकील होता, आणि नेमका मामाच्या ओळखीचा. त्या दिवशी आईने एस.टी. सोडली ती सोडलीच. बैलगाडीने जायचं तर उन्हाळ्यात घाट चढताना बैल फेस गाळतात म्हणून वडील नको म्हणायचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गल्लीतल्या सगळ्या बाया नटूनथटून माहेरी निघायच्या आणि आई माडीवर कुरडया वाळवत बसायची. कुरडयांवर त्या दिवसांत जरा जास्तच ऊन पडायचं.

नवं महाराष्ट्र राज्य झालं होतं त्या काळातली गोष्ट. एका वर्षी कापूस चांगला पिकला, भावही बरा मिळाला, आणि वडील जेवता जेवता म्हणाले, "यंदा आखाजीले तुले मोटारीत माहेरी नेतो."

आई भाकरी थापायची थांबली. "कोनाच्या मोटारीत?"

"कोनाच्या म्हंजे? आपल्या."

हे वाक्य वडिलांच्या तोंडून संध्याकाळी निघालं आणि दिवेलागणीपर्यंत गावात सगळ्यांना पाठ झालं. आईने बुलढाण्याला जाणाऱ्या एका माणसाबरोबर मामाला निरोपही धाडला: न्यायला येऊ नको, मी मोटारीत येऊन राह्यली. आता माघार नव्हती. मोटार नाही मिळाली तर आईचं नुसतं माहेर हुकणार नव्हतं, गल्लीत तोंड दाखवायलाही जागा राहणार नव्हती.

नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यात एका पाटलांकडे जुनी मोटार विकायची आहे असं कळलं. पाहायला निघालो तिघं. वडील घरचे कर्ते म्हणून. धाकटे काका बैलबाजारातले जाणते म्हणून. तालुक्यात कुणी बैल घ्यायला निघालं की काकांना आधी बोलावणं यायचं. आणि मी मोटारीतला तज्ज्ञ म्हणून. अमरावतीला कॉलेजात असताना मी मोटार शिकून लायसन काढलं होतं. शिकलो होतो ते सपाट मैदानावर, रविवारी सकाळी, समोर कुणी नसताना. पण ही गोष्ट लायसनवर लिहिलेली नसते.

मोटार पाटलांच्या अंगणात निंबाखाली उभी होती. काळी, गोल पोटाची, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला रुंद फळ्या. मला पाहताक्षणी आवडली. तसं मी तोंड उघडणार तोच काकांनी माझा दंड दाबला. घ्यायची वस्तू आवडली हे चेहऱ्यावर दाखवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मी चेहरा पाडला. तो मी इतका पाडला की पाटलीणकाकूंनी मला पाणी आणून दिलं.

काकांनी मोटारीला लांबून एक फेरी मारली. मग जवळून. मागे उभे राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. टायरवरून हात फिरवला, खूर पाहतात तसा. मागचा भाग दाबून सोडला आणि अंग किती हलतं ते बघितलं. पुढे डाव्या अंगाला एक पोचा होता, त्यावर बोट ठेवून, बैलाच्या अंगावरचा भोवरा पाहावा तसं विचारलं, "हा भवरा जन्माचा हाय का मांगून पडला?"

"मांगून," पाटील म्हणाले. "चिंचेच्या झाडानं मारला."

"झाड चालत आलं होतं काय?"

"नाही. आमचे जावई चालवत होते."

माझ्याकडे पाहून वडील म्हणाले, "तू पाह्य नं बे काही. तुले कायले आनलं?"

मी बॉनेट उघडायला हात लावला. आत काय पाहायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, पण पाहणार होतो. तेवढ्यात काकांनीही पत्र्यावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला.

"पाटील, हे तं गरम हाय."

"ऊन हाय नं."

"सावलीत उभी हाय. आमी यायच्या आधी फिरवून आनली तुमी." काका हसत होते. "लंगडा बैल बाजारात आनायच्या आधी असाच फिरवतात. पाय मोकळा झाला की लंगड दिसत नाही. बसू द्या त्याले. थंड झाल्यावर उठवू."

पाटीलही हसले. पकडलं गेल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट माणूस जाणता आहे म्हणून त्यांनी जेवायलाच बसवलं. जेवण झालं, पानसुपारी झाली, वडिलांनी ओसरीवर एक डुलकीही काढली. मी मधून मधून जाऊन बॉनेटला हात लावून येत होतो, तापाच्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. गार लागलं तेव्हा मी ओरडलोच, "झालं!"

पाटलांच्या ड्रायव्हरने समोरच्या भोकात लोखंडी हँडल घातलं, एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि मोटार उठली! धुराचा एक लोट टाकून अशी घुमायला लागली की निंबावरचे कावळे उडाले. मग सीटवर बसून त्याने बंद केली आणि आतलं बटण दाबलं, सेल्फवरही लागली. काकांनी तिला नांगरटीतून फिरवायला लावली, मागे सरकवायला लावली, बांधावर चढवायला लावली. खाली उतरून मला हळूच म्हणाले, "अंगात हाय लेकाच्या."

सौदा बैलबाजाराच्या रिवाजाने झाला. पाटील आणि काका समोरासमोर उभे राहिले, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि आत बोटांची दाबादाबी सुरू झाली. बाहेरून फक्त उपरणं हलताना दिसत होतं. पाटील मान हलवायचे, काका हात काढून घेतल्यासारखं करायचे, पुन्हा उपरण्यात घालायचे. शेवटी उपरणं उडालं आणि दोघं मोठ्यानं हसले. मोटार आमची झाली.

इथवर आमच्यासारखं शहाणं गिऱ्हाईक जिल्ह्यात नव्हतं.

मी स्टीअरिंगवर बसलो. तेवढ्यात पाटलांनी ड्रायव्हरच्या हातातलं हँडल घेतलं, फडक्याने पुसलं आणि गोठ्यात नेऊन खुंटीवर अडकवलं. परत येऊन म्हणाले, "जनावर दिलं, पन दावं देत नसतो आमी. तेवढं घरात ऱ्हावं."

आता आमच्याकडे हा रिवाजच. बैल विकला तरी त्याचं दावं विकणारा आपल्याकडे ठेवतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. वडिलांनी लगेच मान डोलावली, "हाव, बरोबर हाय." काका म्हणाले, "दावं कोन मांगते?" आणि तज्ज्ञ म्हणाला, "सेल्फ हाय नं." इतकंच नव्हे, वडिलांनी घरून आणलेलं नवं कोरं दावं पिशवीतून काढून मोटारीच्या पुढच्या बंपरला बांधलं. शेजारी उभ्या ड्रायव्हरने तोंड उघडलं होतं, पण पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

गावात शिरलो तेव्हा अर्धं गाव वेशीवर होतं. आईने मोटारीला कुंकू लावलं, चारही चाकांवर पाणी घातलं. मग पाहुणे सुरू झाले. त्या संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्याला चहा नव्हता, हॉर्न होता. ज्याने त्याने आत बसायचं, हॉर्न वाजवायचा, दिवे लावून समोरच्या मारुतीच्या देवळावर उजेड पाडायचा. एका म्हाताऱ्याने तर देवाचं दर्शनच त्या उजेडात घेतलं. वडील दारात उभे राहून म्हणत होते, "वाजवा नं, वाजवा. आपलीच हाय."

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आई नऊवारी नेसून, सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली, तिच्या शेजारी वडील आणि पुढे माझ्याजवळ काका. मी बटण दाबलं. आतून म्हाताऱ्या माणसाने कूस बदलावी तसा आवाज आला. पुन्हा दाबलं, तोही आला नाही. गावाने बॅटरी वाजवून संपवली होती.

पण गाव होतंच. काल हॉर्न वाजवलेले सगळे धोतर खोचून मागे लागले. "हुईऽऽ" करून जे ढकललं की नदीच्या उतारावर मोटार धडधडत सुरू झाली. बाया दारात उभ्या होत्या, आई हात हलवत होती, मी हॉर्न वाजवायला गेलो आणि वाजला नाही, पण कुणाला कळलं नाही, आरडाओरडाच इतका होता.

मोताळा गेलं, घाट लागला. पहिलं वळण झालं. मी आरशात आईकडे पाहिलं. बोलत होती. दुसरं झालं. तरी बोलत होती. तिसऱ्या वळणावर समोरून एस.टी. उतरत आली, तोंडावर धूळ उडवत. मी ब्रेक दाबला. त्याबरोबर क्लचही दाबायचा असतो. मोटारीने एक गचका खाल्ला आणि गप्प झाली.

एस.टी. निघून गेली.

काका आणि वडील उतरले, चाकांमागे दगड लावले. मी बटण दाबलं. काही नाही. वडिलांनी पुढे जाऊन ते हँडलचं भोक पाहिलं. त्याच्याच खाली बंपरला नवं कोरं दावं लोंबत होतं. वडिलांनी ते हातात धरलं, माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"दावं कोन मांगते म्हने," ते म्हणाले.

"तुमीच तं म्हनलं बरोबर हाय!" काका म्हणाले.

"मंग हा? हा तं शिकेल हाय नं!"

शिकेल होता तो स्टीअरिंगमागे लहान लहान होत गेला. ढकलायचं तर चढावर दोघांनी ढकलून मोटार वीतभरही हलेना. वडिलांनी हार खाल्ल्यासारखं म्हटलं, "उतर वो. थोडकाच घाट राह्यला. पायी जाऊ."

आई उतरली नाही. डबा घट्ट धरून म्हणाली, "मी पायी माहेरी जानार नाही. भावाले मोटारीत येते म्हनून सांगितलं हाय."

"अवो, पन हे पुढं जाऊन नाही राह्यलं!"

"पुढं जात नसन तं मांग घ्या. बैलगाडी चिखलात फसली का तुमी आधी मांगच रेटता नं? मंग याले काऊन पुढंच ढकलता?"

काका हसायला लागले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला: उतार तर आपल्या मागेच आहे! आणि मोटारीला मागे जाण्याचाही गिअर असतो!

"काका, दगड काढा!" मी ओरडलो. "पन दरीकडं लक्ष ठेवा!"

वडील "आधी तिले उतरव" म्हणत होते, आई "मी नाही उतरत" म्हणत होती, काका दगड काढून बाजूला उडी मारत होते. मी रिव्हर्स गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि मोटार मागे घसरायला लागली. हळू, मग जरा जोरात. आईच्या डब्याचं झाकण खडखडलं. मी देवाचं नाव घेतलं आणि क्लच सोडला.

गचका बसला. आणि मोटार घुमायला लागली!

"दगड! दगड लावा!" काकांनी धावत येऊन चाकामागे दगड टाकला. मी पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर असा दाबला की सोडायची हिंमतच होईना. वडील आणि काका दोघं धावत सुटले आणि एकेका बाजूच्या फळीवर उड्या मारून दाराला लटकले. वडिलांची टोपी उडाली. "टोपी!" म्हणून ते ओरडले. "ऱ्हाऊ द्या!" म्हणून आम्ही तिघंही ओरडलो. दोन वळणं, आणखी एक, आणि घाट संपून बुलढाण्याचा गार वारा तोंडावर आला. तेव्हा मागून आई एकदम म्हणाली, "अवो! मले लागलीच नाही!"

मामाच्या दारात पोचलो तेव्हा सगळं घर बाहेर आलं होतं. मामी भाकरतुकडा ओवाळायला आली. मोटार धडधडत होती, मामी ओवाळत होती, धुराने खोकत होती. वडील फळीवरून उतरले आणि दार धरून उभे राहिले.

"बंद नको करू बे," मला म्हणाले. "हँडल नाही. बंद केली तं पुन्हा लागनार नाही. आधी कुठून तरी हँडल आनू."

आई सावकाश उतरली. पदर नीट केला, डबा मामीच्या हातात दिला, मामाकडे पाहिलं, मग मोटारीकडे.

"करा बंद," ती म्हणाली. "मले कुठं जायचं हाय आता?"