चष्मेवाला ‘घ्या’ म्हणेपर्यंत

त्या चौघांचा एक नियम होता. टेबलावर बिअर आली की आधी चष्मेवाल्याने ग्लास नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचे, वास कसला ते सांगायचं आणि मग म्हणायचं, “घ्या.” तोवर कुणी ग्लासाला तोंड लावायचं नाही. एकदा ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी घाईघाईत घोट घेतला, तर ताईने भर बारमध्ये त्यांच्या हातावर चापट मारली होती.

चष्मेवाला हा ताईचा धाकटा भाऊ. चौकातल्या अरुंद दुकानात चष्मे करायचा आणि वरच्या खोलीत एकटा राहायचा. बायको गेल्यापासून आठवडाभर माणसं त्याच्याशी बोलायची ती एवढंच, “पहिलं बरं दिसतंय, दुसरं पुसट.” बाकीचं सगळं बोलणं शनिवार संध्याकाळसाठी साठवलेलं. ताई, भावोजी, मास्तर आणि तो असे चौघं एकेका बारमध्ये जायचे, आणि कुठला बार ते ठरवायचा मान त्याचा. शहर अफाट, त्यात स्वतःच्या तळघरात बिअर बनवणारे हे क्राफ्ट बिअरवाले गल्लोगल्ली निघालेले. चुकीच्या दारात शिरलं की शनिवार पाण्यात गेलाच म्हणून समजा.

भावोजींचा त्या मानावर डोळा होता. एकदा त्यांना तो मिळालाही. त्यांनी सगळ्यात मोठी पाटी बघून बार निवडला. आत गाणी अशी दणदणत होती की खुणांनीच काय ते मागावं लागलं, आणि चार बिअरऐवजी तळलेल्या बटाट्यांच्या चार थाळ्या आल्या. “अहो, राहू द्या. त्याला नाक लागतं,” ताई म्हणाली, आणि मान परत भावाकडे गेला.

आता गंमत ऐका. त्या नाकाला कशाचाही वास येत नव्हता! गेल्या हिवाळ्यात त्याला जबरदस्त ताप आला. ताप गेला, जाताना वासही घेऊन गेला. पठ्ठ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मग बार निवडायचा कसा? गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून तो पाहणीला निघायचा. खुर्चीला पाठ आहे का ते बघायचा, कारण ताईची कंबर. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येतं का ते बघायचा. बिअरच्या नावांनी फळा काठोकाठ भरलेला असेल तर उंबऱ्यावरूनच मागे फिरायचा. एवढ्या बिअर म्हणजे निम्म्या शिळ्या, हा त्याचा हिशेब. शेवटी साधं पाणी मागवून ग्लास उजेडात धरायचा. जन्म काचा पुसण्यात गेलेला. काचेवर बोटाचा ठसा दिसला की तो बार बाद.

आणि वासांचं काय? ते तर फळ्यावर प्रत्येक बिअरच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलेच असायचे. हा लांबून वाचून घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “संत्र्याची साल... मागे थोडी भाजलेली कॉफी.” ताई चष्मा पर्समधून काढायची नाही, त्यात वय दिसतं म्हणून. मास्तर दिवसभर रस्त्यावरच्या पाट्या वाचून विटलेले. राहिले भावोजी. ते “अक्षरं नाचतात रे” म्हणत दोनदा दुकानात आले. नंबर चांगलाच वाढला होता. ह्या गृहस्थाने गंभीर चेहऱ्याने डोळे तपासले आणि सांगितलं, “काही नाही हो भावोजी, आहे तोच आहे. गाजरं खा.”

बिचारे भावोजी रोज गाजरं खायला लागले.

असं सगळं बिनबोभाट चाललं असताना त्याला एक नवा बार सापडला. मालकीण एकटीच सगळं बघायची. आणि ग्लास! इतके लखलखीत ग्लास त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. तिथेच त्याने टेबल सांगून ठेवलं.

शनिवारी बार खच्चून भरला होता. मालकिणीने घाईत जग आणून आदळला, चार ग्लास भरले आणि दुसऱ्या टेबलाकडे पळाली. चष्मेवाल्याने फळ्याकडे नजर टाकली, ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. “आहाहा! पिकलेलं सफरचंद. आणि मध. घ्या.”

सगळ्यांनी घेतलं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मेवाल्याच्या जिभेला झिणझिण्या आल्या, पण शब्द तर तोंडातून गेला होता. “आंबट बिअर,” तो कसाबसा म्हणाला. “सध्या हिचीच चलती आहे.”

“अप्रतिम!” मास्तर खोकत म्हणाले.

भावोजी मागे राहतात होय? त्यांनी आणखी एक घोट घेतला, चेहरा पिळवटला आणि म्हणाले, “मला तर शेवटी लिंबाची झाक लागली.”

ताईने मात्र ग्लास खाली ठेवला. ती भावाकडे बघत होती.

तेवढ्यात मालकीण धावत आली. “अहो, थांबा, थांबा! पिऊ नका! उरलेल्या बिअरचं व्हिनेगर आहे ते. ग्लास पुसायला ठेवलं होतं, चुकून तोच जग उचलला!”

भावोजींना तर आकाश ठेंगणं झालं. “व्हिनेगर! आणि ह्याला मधाचा वास येतोय!” मास्तर टेबल बडवून हसत होते. चष्मेवालाही हसायचा प्रयत्न करत होता. ताई तेवढी हसली नाही.

“तुला वास येत नाही,” ती म्हणाली. “कधीपासून?”

“तो ताप आला ना, तेव्हापासून.”

“आणि गॅस? वर एकटा असतोस. शेगडी चालू राहिली तर कळणार कसं तुला?”

“ठेवतो मी लक्षात.”

“पातेलं जळून कोळसा झालं होतं तेव्हा ठेवलं होतंस? विनोद म्हणून सांगितलंस तेव्हा आम्हाला! खिदळलो आम्ही मूर्खासारखे!” ताईचा आवाज फाटला. “का नाही बोललास रे?”

तो ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, “नाक गेल्यावर माझं काय काम इथे? तुम्ही दोघं आहात. मास्तरांना घर आहे. मला शनिवारी कशाला बोलावलं असतं कुणी?”

मास्तरांचं हसणं घशातच राहिलं. मालकिणीने गुपचूप जग उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी विजेची शेगडी छातीशी धरून जिना चढले. धापा टाकत ती ओट्यावर ठेवली, गॅसचा सिलिंडर दाराबाहेर काढला, आणि खाली येऊन तपासायच्या खुर्चीत बसले. “आता माझे डोळे तपास. नीट. गाजरं बंद केलीत मी.”

चष्मेवाल्याने ओशाळून डोळे तपासले आणि दुकानातली सगळ्यात चांगली काच घालून चष्मा केला.

पुढच्या शनिवारी चौघं पुन्हा एका बारमध्ये बसले. बार नेहमीसारखा चष्मेवाल्यानेच निवडला होता. भावोजी नव्या चष्म्यातून सगळीकडे बघत होते. बघता बघता नजर फळ्यावर गेली आणि ते मोठ्यांदा वाचू लागले, “भाजलेली कॉफी, संत्र्याची...” आणि थांबले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मेव्हण्याकडे पाहिलं. पुन्हा फळ्याकडे पाहिलं.

चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता काही आपली धडगत नाही, हे त्याला कळून चुकलं.

बिअर आली. ताईने हळूच एक ग्लास हुंगला, मान डोलावली आणि तो भावापुढे सरकवला. भावोजींनी नवा चष्मा काढला, घडी केली, खिशात घातला.

“हं, सांग,” ते म्हणाले. “कसला वास येतोय? कधीचे थांबलोय आम्ही.”