मामांच्या हातावरचा गरुड

तमाम वाहनचालकांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, उडता गरुड आता कोणत्याही पेट्रोल पंपावर उरलेला नाही. शेवटचा गरुड माझ्या मामांच्या उजव्या हातावर आहे, मनगटाच्या जरा वर.

वाळूज रस्त्यावर मामांचा पंप. एजन्सी मिळाल्याच्या आनंदात त्यांनी जत्रेत जाऊन कंपनीची खूण गोंदवून घेतली होती. पंख पसरलेला गरुड, खाली कंपनीचं अख्खं नाव. पुढं कंपनीनं गरुडाचे पंख छाटले. मग धड काढून नुसती चोच ठेवली. शेवटी चोचही गेली आणि निळा गोळा आला. दर वेळी माणसं येऊन पंपाची पाटी बदलून जायची. मामांचा हात बदलायला कुणी आलं नाही.

यंदा त्या कंपनीचा करार संपला. दुसऱ्या कंपनीनं पंप घेतला नाही तर कायमचं कुलूप. तिचे साहेब भर मे महिन्यात पुंडलिकनगरच्या घरी जेवायला आले, तेव्हा मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाचं बटण लावून, घामानं निथळत बसले होते.

"त्या गरुडाचं तोंड बघू वाटत नव्हतं साहेब," मामा म्हणाले. "कंपनी असावी तर तुमच्यासारखी."

आणि मामींनी केला होता आमरस!

वाढायला मी. भाच्याला याहून मोठं सुख नाही. साहेबांनी बाह्या दुमडून कधीच सुरुवात केली होती. मामांनी हळूच चमचा मागितला.

"चमचा? आजारी हायेत का मामा?" मी खणखणीत आवाजात विचारलं आणि त्यांची वाटी काठोकाठ भरली. "साहेबांना काय वाटंल? पोळी बुडवा, हाणा!"

मामांनी माझ्याकडं जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. रस बोटांवरून मनगटावर आला, मनगटावरून बाहीत शिरला. मी आणखी एक वाटी ओतली. मामा हात उंच धरून, मान वाकडी करून जेवत होते. बाही पिवळी होत चालली होती.

साहेब भला माणूस. त्यांना बघवेना. "अहो, शर्टाचं वाटोळं होतंय," म्हणत त्यांनी स्वतःच मामांचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली.

रसात न्हालेला गरुड पंख पसरून हजर. साहेबांनी खालचं नाव वाचलं. मोठ्यानं.

मामा ताडकन उठले आणि ओरडले, "साहेब, ह्यो हात माझा नाय!"